सासूबाईंचा व्हिसा

परदेशात जायला काय काय लागतं, हे मला कोणी विचारू नये. विचारलं की मी सांगतो, आणि मी सांगितलं की विचारणारा घरीच राहतो.

झालं होतं एवढंच, की मी कचेरीच्या कपाटातून एक कोरा फॉर्म घरी आणला. अमरावतीला आमच्या कचेरीत माझ्याकडे तीन कामं आहेत. आलेल्या कागदावर आवक नंबर टाकणं, जाणाऱ्या कागदावर जावक नंबर टाकणं आणि पासपोर्टच्या अर्जांचं कपाट सांभाळणं. पहिली दोन कामं कोणीही करील. (करतोच. मी रजेवर असलो की शिपाई करतो, आणि त्याचं अक्षर माझ्याहून बरं आहे.) पण कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे. पाच वर्षांत ते कपाट दोनदा उघडलं. एकदा कापसाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा विलायतेला निघाला तेव्हा, आणि एकदा आत पाल शिरली तेव्हा. पासपोर्ट, व्हिसा, लशींचे दाखले, सगळे नियम मला पाठ होते आणि ऐकायला कोणी नव्हतं.

अशात दर्यापूरहून माझ्या सासूबाई, पार्बताबाई, आमच्याकडे आल्या.

सासूबाईंनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं की जिथे बुद्ध जन्मले ती लुंबिनीची जागा एकदा डोळ्यांनी पाहायची. पुढची पाच वर्षं लोकांच्या वावरात कापूस वेचताना त्यांनी हा एकच विषय धरून ठेवला होता. आता एकसष्ट साली अकोल्याच्या चंद्रभाननं यात्रा काढली होती. चंद्रभान म्हणजे माझ्या बायकोचा, सुभद्रेचा, मावसभाऊ, रेल्वेत नोकरीला. अकरा बायका घेऊन तो माघात निघणार होता. सासूबाई बारावी. त्यांनी पिशवीत दोन लुगडी, एक तांब्या आणि तिळाचे लाडू भरले होते. त्यांच्या हिशेबी तयारी संपली होती.

"लुंबिनी नेपाळात आहे," मी म्हणालो.

"असन," सासूबाई म्हणाल्या.

"नेपाळ परदेश आहे."

हे वाक्य बोललो नसतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी बोललो, आणि वर पाट ओढून बसलो. पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारनं 'जा' म्हणणं आणि व्हिसा म्हणजे त्यांच्या सरकारनं 'या' म्हणणं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, आपल्याला कोणी जाऊ नको म्हटलंय का? मी म्हटलं, तसं नसतं. कोणी नाही म्हटलं नाही याचाही कागद लागतो. कागदाशिवाय गेलेल्या माणसाला सरहद्दीवर धरतात, असंही मी ठोकून दिलं. सुभद्रेनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. (लग्नाला सहा वर्षं झाली; असं तिनं दोनदाच पाहिलं आहे. दुसऱ्यांदा केव्हा ते आठवत नाही.)

दुसऱ्या दिवशी फॉर्म घरी आला.

नाव, पार्बताबाई. पुढे नवऱ्याचं नाव. सासरे पुंजाजी वारून दहा वर्षं झाली होती आणि ते नाव मला ठाऊक होतं, पण अर्जदारानं स्वतः सांगायचं असा नियम. सासूबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. त्यांनी दारातल्या लेकीकडे पाहिलं, लेकीनं माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धा तास तिथेच गेला. शेवटी सासूबाईंनी डावा हात पुढे केला. हातावर गोंदलेलं होतं. मी ते वाचून उतरवलं आणि 'ओळखीची खूण' हा रकानाही त्यात भागवला.

जन्मतारखेला गाडी पुन्हा अडली.

"टोळ आले होते त्या साली," सासूबाई म्हणाल्या.

"कोणते टोळ?"

"मोठे."

मी शनिवारी दर्यापूरला जाऊन चार म्हाताऱ्यांना विचारून आलो. त्यांच्या सांगण्यावरून टोळ तीन वेळा आले होते आणि तिन्ही वेळा मोठेच होते. शेवटी मी एक जुलै घातली. आमच्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एक जुलैच दिलेली आहे. माझीही तीच, सुभद्रेचीही तीच. पण एका घरात तिघं एकाच तारखेला जन्मलेले पाहून कोणाला संशय यायचा, म्हणून मी ती खोडून दोन जुलै केली. मग खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही हे आठवलं आणि नवा फॉर्म आणला.

शेवटचे रकाने थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठीचे. येण्याचा हेतू काय, मुक्काम किती दिवस, परत जाण्याची हमी काय. (हे काही छापलेले नव्हते. व्हिसाला विचारतात असं मी वाचलं होतं, म्हणून मागच्या बाजूला स्वतः आखले.)

"परत नाही येणार तं जाईन कुठी?" सासूबाई म्हणाल्या. "मैस हाये घरी."

मी लिहिलं: परतीची हमी, म्हैस एक, दुभती.

आता उरले लशींचे दाखले. एक देवीचा, एक पटकीचा. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, आज एक घ्या, आठ दिवसांनी दुसरी. पण दोन दाखल्यांवर दोन तारखा म्हटल्यावर मला कसंसंच वाटलं. दोन्ही कागद एका तारखेचे असले की फाइल कशी स्वच्छ दिसते. मी त्याच्या मागे लागलो आणि एका दंडात एक, दुसऱ्या दंडात दुसरी, असं एका बैठकीत उरकून घेतलं. त्या संध्याकाळी सासूबाईंना ताप भरला. दोन्ही हात सुजले. तिसऱ्या दिवशी चंद्रभान अकरा बायका घेऊन बडनेऱ्याच्या स्टेशनावर उभा होता आणि बारावी आमच्या घरात वाकळ पांघरून पडली होती.

स्टेशनावर जाण्याआधी चंद्रभान निरोप घ्यायला आला, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की कागदाशिवाय निघालात, आठ दिवसांत सरहद्दीवरून परत याल. तो 'जयभीम' करून गेला.

ते बाराव्या दिवशी परत आले. अकराच्या अकरा बायका लुंबिनी पाहून आल्या होत्या. कोणी तिथली माती आणली होती, कोणी पिंपळाचं पान. चतुराबाई म्हणून आमच्या वस्तीतली एक बाई आहे. तिनं सासूबाईंच्या हातावर चिमूटभर माती ठेवली आणि सांगितलं, की बाई, आमाले कोणी नावबी नाही इचारलं.

सासूबाईंनी ती माती पदराच्या टोकाला बांधली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं तर लेकीमार्फत. 'सुभद्रे, त्याहिले म्हना, जेवाले वाढलं.' मी पाटावर बसलेलाच असे. एकदा दर्यापूरला निघताना सुभद्रेजवळ म्हणाल्या म्हणे, की आता गुडघे पुढच्या साली साथ देतात का नाही, कोण जाणे. ते ऐकून मला खरंच फार वाईट वाटलं. पाच वर्षांची आस त्या बाईची, आणि मी ती दोन तारखा जुळवण्यापायी घालवली होती.

मी सुभद्रेला शब्द दिला. वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीच्या दिवशी, मी स्वतः आईंना लुंबिनीला घेऊन जाईन.

"घेऊन जा," सुभद्रा म्हणाली. "फकत काही लिहू नका."

पण चंद्रभान काहीही सांगो, मी कारकून आहे. दुसऱ्या देशात काहीच न दाखवता जाता येतं, हे माझ्या रक्तात उतरेना. मी दिल्लीला पत्र टाकलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. एकच ओळ: नेपाळला जाणाऱ्या भारतीय नागरिकांना पासपोर्ट अथवा व्हिसा लागत नाही. मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. 'परंतु' नाही, 'तथापि' नाही, 'खालील बाबी वगळून' नाही. इतकं सरळ पत्र सरकारकडून आलेलं मी आजवर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे माझा संशय वाढला.

मी ते आमचे हेडक्लार्क वामनराव यांना दाखवलं. वामनराव तीस वर्षं नोकरीत मुरलेले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"कागद लागत नाही, हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण शेषराव, हे पत्र कचेरीच्या फाइलला लागणार. लागत नाही याचा कागद तुमच्यापाशी कुठं आहे?"

मला एकदम हलकं वाटलं. त्याच दुपारी आम्ही दोघांनी मसुदा केला आणि मी तो टाइप केला. 'प्रमाणित करण्यात येते की, हा कागद दाखविणारे इसम व त्यांच्यासोबतच्या दोन स्त्रिया यांना सरहद्द ओलांडण्यास कोणत्याही कागदाची आवश्यकता नाही. सबब हा कागद देण्यात येत आहे.' खाली वामनरावांची सही, आणि सिंहाचा गोल शिक्का दोन ठिकाणी. (एक पुसट उठला म्हणून दुसरा.) घरी मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

बडनेऱ्याहून निघून तीन ठिकाणी गाड्या बदलत आम्ही तिसऱ्या दिवशी सरहद्दीजवळच्या स्टेशनात उतरलो आणि टांग्यानं फाटकापाशी आलो. पौर्णिमेचीच सकाळ. वाटभर सासूबाई खिडकीशी बसून होत्या आणि माझ्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

फाटक म्हणजे दोन खुंटांवर एक आडवा बांबू, आणि तोही वर केलेला. शेजारी आंब्याखाली खाटेवर एक नेपाळी शिपाई बसला होता. पलीकडे यात्रेकरूंच्या बैलगाड्या उभ्या होत्या. शिपायानं सासूबाईंकडे पाहिलं आणि हात हलवला.

"जाओ, अम्मा."

सासूबाई गेल्या. मागून सुभद्रा गेली. मीही जाऊ शकत होतो. चार पावलं होती. पण आतला खिसा मला गप्प बसू देईना.

"ठहरो," मी शिपायाला म्हणालो, आणि कागद काढला.

शिपायानं तो उलटा धरला, सुलटा धरला. वाचता येईना, पण शिक्का ओळखता आला, आणि तेही दोन. तो खाटेवरून उठून उभा राहिला. म्हणाला, हे तर सरकारी काम आहे, साहेबच पाहतील. साहेब उद्या येतील.

इथवरही वेळ गेलेली नव्हती. पण कागद कोणाच्या हातात नुसता सोडून देईन तर मी आवकचा कारकून कसला? मी त्याला नंबर टाकायला सांगितलं. त्याच्याकडे वही नव्हती. मी माझ्या पिशवीतली नवी वही काढली, त्याला रेघा मारून दिल्या. अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, शेरा. एक नंबरावर माझा कागद चढवला आणि त्याला नीट समजावलं, की एकदा नोंद झाली की साहेबाच्या हुकमाशिवाय कागद हलत नाही. शिपाई मन लावून ऐकत होता. इतका चांगला विद्यार्थी मला कचेरीत कधी मिळाला नाही.

"अच्छा, मैं जाता हूं," मी म्हणालो.

"कैसे जाओगे? बही में चढ़ गया है."

"कागज चढ़ गया है. मैं नहीं."

त्यानं वहीत बोट ठेवलं. 'कोणाकडून' या रकान्यात माझं नाव होतं, माझ्याच अक्षरात. कागद साहेबासमोर ठेवायचा तर ज्याचा कागद तो माणूस हजर पाहिजे, असं तो म्हणाला. आमच्या कचेरीत मीही लोकांना हेच सांगतो.

पलीकडून सुभद्रा आणि सासूबाई परत बांबूपाशी आल्या. गाडीवान घाई करत होता. आज निघालं तर संध्याकाळपर्यंत लुंबिनी, नाहीतर पौर्णिमा चुकणार.

"अजी, काय झालं?" सुभद्रेनं विचारलं. तिच्या नजरेत कौतुक मुळीच नव्हतं.

खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं, की मी पुन्हा लिहिलं, पुन्हा टाइप केलं आणि पुन्हा अडकलो. ते मला झेपलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "नियमच आहे. आत जाणाऱ्यांसाठी एका माणसाला फाटकावर बसून राहावं लागतं. तुम्ही जा. मी बसतो."

सुभद्रेचा विश्वास बसला नाही. पण सासूबाई पुढे आल्या. बांबूच्या पलीकडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला बोलल्या.

"जवाईबापू, माह्यासाठी बसता?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पिशवीतून उरलेले लाडू काढून माझ्या हातात दिले, तांब्याही दिला, आणि गाडीत जाऊन बसल्या. त्या गाडीकडे पाहत मी उभा राहिलो. आपण किती खोटारडे आहोत हे कळत होतं, आणि तरी त्या चालल्या याचा आनंद इतका झाला की लाज थोडा वेळ बाजूलाच राहिली.

उरलेला दिवस मी परक्या देशाच्या दारात बिनपगारी नोकरी केली. शिपायाला वहीची गोडी लागली होती. येईल जाईल त्याला तो थांबवायचा आणि मला लिहायला लावायचा. नंबर चार, गाडी, मडक्यांची. नंबर नऊ, म्हातारा, लेकीकडे चालला. नंबर सतरा ते बत्तीस, शेळ्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फाटकावर गाड्यांची रांग लागली होती, जी त्या गावानं पूर्वी कधी पाहिली नसावी.

साहेब सायकलवरून आले ते त्या रांगेतून वाट काढतच. त्यांनी माझा कागद वाचला.

"इसमें तो लिखा है कि कागज नहीं चाहिए."

"जी."

"तो दिया क्यों?"

या प्रश्नाला माझ्या साऱ्या नोकरीत उत्तर नाही. साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात 'देखा' असं लिहिलं आणि मला जायला मोकळं केलं. मी पिशवी उचलली, तोच समोरून बैलगाडी आली. सासूबाई आणि सुभद्रा उतरल्या. संध्याकाळची गाडी गाठायची होती, माझी रजा संपत होती. मी होतो तिथूनच परत फिरलो.

टांग्यात सासूबाई आपण होऊन बोलत होत्या. दगडी खांब आहे, त्याला हात लावला. तळं आहे, पाणी गार आहे, त्यात पाय सोडून बसले. चांदणं होतं, माणसं त्रिशरण म्हणत होती, मीही म्हटलं. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "गुडघे नाही दुखले, जवाईबापू." हे त्यांनी मला सांगितलं, लेकीमार्फत नाही. मी त्यांना म्हटलं, आता मी लुंबिनी नाही पाहिली तरी चालेल.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका सासूबाईंभोवती बसल्या. पुढच्या वैशाखात सातजणी जायचं म्हणत होत्या. काय काय न्यायला लागतं म्हणून विचारत होत्या. मी पुरुषांत बसलो होतो. कान तिकडेच होते.

"काही नाही लागत," सासूबाई म्हणाल्या. "एक लुगडं, एक तांब्या, अन् एक जवाई."

"जवाई कायले वं?" चतुराबाईनं विचारलं.

"फाटकावर बसवून ठिवा लागते. तवा कुठं बायाइले आत सोडते."

चतुराबाई म्हणाली, माघात तर आम्हाला असं काही विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, तेव्हा नसेल. आता नियम निघाला आहे, जवाईबापूंनी स्वतः सांगितलं, आणि ते त्याच खात्यात आहेत. सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सुभद्रेनंही पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. (परतीच्या गाडीत तिनं ते माझ्याकडून काढून घेतलं होतं.) नियम नाही म्हणावं, तर सासूबाईंनी भरल्या डोळ्यांनी दिलेले लाडू कशाचे होते, हे सांगावं लागलं असतं. मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

मग बायकांत हिशेब सुरू झाला. एकीचा जावई बाळापूरला, त्याला रजा मिळत नाही. एकीचा भांडून बसलेला. दोघींना मुलीच नाहीत. शेवटी चतुराबाईनं दबकत विचारलं, "पार्बताबाई, तुमचा एकच साता जनीले पुरन का?"

सासूबाईंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"पुरते की," त्या म्हणाल्या. "अन् त्याले तसंबी आत यायचं नसते."